टॉवर न्यायचे की विकायचे? परदेशातल्या फ्लॅटसाठी हाय-फायचा हिशेब

माझा मावसभाऊ नोव्हेंबरात म्युनिकला राहायला जातोय. फोनवर व्हिसा, पगार, मुलीची शाळा हे सगळं पाच मिनिटांत उरकलं आणि पुढचा पाऊण तास एकाच प्रश्नात गेला: "दादा, टॉवर नेऊ का विकू?"

टॉवर म्हणजे जमिनीवर उभे राहणारे त्याचे मोठे स्पीकर. कोथरूडच्या हॉलमध्ये ते नऊ वर्षं उभे आहेत. सोबत स्पीकरना ताकद देणारा नऊ किलोंचा अ‍ॅम्प, रेकॉर्ड वाजवणारा, बेल्टवर फिरणारा टर्नटेबल आणि चारेकशे रेकॉर्ड. त्यातल्या निम्म्या काकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात जमवलेल्या. मी सहा वर्षांपूर्वी हाच प्रवास केला आणि त्यात दोन गोष्टींना कायमचा मुकलो. त्या पुढे येतीलच. त्याला फोनवर जे सांगितलं ते नीट मांडून लिहितो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच.

आधी खोली, मग स्पीकर

पुण्यातला आपला हॉल आठवून बघा. खाली फरशी, विटांच्या भिंती, एकीकडे उघडी बाल्कनी, दुसरीकडे जेवणाची जागा आणि तिला लागून स्वयंपाकघर. बास, म्हणजे गाण्यातला खालचा जाड आवाज, या मोकळ्या जागांतून निघून जातो. जर्मनीतली बैठकीची खोली बहुतेक वेळा चारी बाजूंनी बंद असते. खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काच, दार लावलेलं, थंडीत तर काहीच उघडं नाही. तिथे बास आतल्या आत घोंघावत राहतो.

माझी खोली ४.२ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की कळतं की या खोलीत ४१ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांच्या सुराला) आणि रुंदीमुळे ४८ हर्ट्झला आवाज फुगणार. बेस गिटारची सगळ्यात जाड तार नेमकी ४१ हर्ट्झवर असते. म्हणजे टॉवर ज्या खालच्या पट्टीसाठी आपण जास्त पैसे मोजून घेतो, तीच पट्टी अशा खोलीत बिघडते. टेप घेऊन नव्या घराच्या नकाशावर हा भागाकार आधी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता आपण ऐकतो काय ते बघू. गायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, हार्मोनियमच्या काळी एकचा असेल तर तो साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २३३, म्हणजे तिच्या तानपुऱ्याचा खर्ज ११७ च्या आसपास. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग हेच ज्याचं रोजचं ऐकणं आहे त्याला ७० हर्ट्झच्या खालचं फारसं काही लागतच नाही. चर्चमधला ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक संगीत, सिनेमातले स्फोट ऐकायचे तर चाळिशीपर्यंत उतरणारा स्पीकर हवा. मावसभावाला मी विचारलं, तू रोज काय लावतोस? म्हणाला, सकाळी मन्सूरबुवा, रात्री कुमारजी. मग त्याचा अर्धा निर्णय तिथेच झाला होता.

राहिले शेजारी. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि रविवारी व सुट्टीला दिवसभर. काही इमारतींच्या नियमावलीत दुपारची वेळही असते. बाकीच्या वेळीही अपेक्षा ‘त्सिमरलाउटश्टेर्क’ची, म्हणजे आवाज आपल्या खोलीपुरता राहील इतकाच. पहिल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा वर आल्या. दार उघडलं तेव्हा तबल्यासह एक बंदिश चालू होती. त्या आत आल्या, उभ्या राहून ऐकलं आणि म्हणाल्या, गाणं मला खाली ऐकूच येत नाही हो, फक्त हे येतं, आणि त्यांनी तळहाताने दाराच्या चौकटीवर तीनदा थापटलं: धप, धप, धप. डग्गा. त्यांच्या छताला फक्त डग्गा पोचत होता. जुन्या इमारतींत लाकडी तुळयांवरची जमीन असते आणि ती खालचे सूर सरळ पुढे पाठवते. दुसऱ्या दिवशी मी स्पीकरखाली जाड रबरी गाद्या घातल्या. बराच फरक पडला, पण सगळा प्रश्न काही सुटला नाही.

पहिली वाट: आहे ते सगळं न्यायचं

भारतातून जर्मनीला जाणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. आपली यंत्रं तिथे जशीच्या तशी चालतात, फक्त आपली गोल तीन पिनांची प्लग तिथल्या शुको सॉकेटात जात नाही. अ‍ॅम्पची वायर मागून काढता येणारी असेल तर तिथे पाऊल ठेवल्यावर नवी वायर विकत घ्या. अ‍ॅडॉप्टरवर वर्षानुवर्षं अ‍ॅम्प चालवू नका, त्यात अर्थिंग नीट मिळेलच असं नाही.

कस्टमचाही रस्ता आहे. युरोपियन युनियनमध्ये राहायला येणाऱ्याला घरगुती सामान करमुक्त आणता येतं, पण अटींवर: तुम्ही निदान १२ महिने युनियनबाहेर राहत असला पाहिजेत, वस्तू निदान ६ महिने तुमच्या वापरातली हवी आणि तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत ती आणायला हवी. यातली चौथी अट लोक वाचत नाहीत. करमुक्त आणलेली वस्तू आणल्यापासून १२ महिने विकता येत नाही. विकायची तर कस्टमला कळवून कर भरावा लागतो. "नेऊन बघतो, नाही जमलं तर तिथे विकीन" असा बेत असेल तर ही अट लक्षात ठेवा. आणि जाण्याच्या तोंडावर पुण्यात नवा स्पीकर घेऊन तो ‘घरगुती सामान’ म्हणून नेणंही सहा महिन्यांच्या अटीत बसत नाही.

आता वजन. मावसभावाच्या एका टॉवरचा खोका ११० × ३५ × ४५ सेंटिमीटर. प्रत्यक्ष वजन २२ किलो, पण विमानाने माल पाठवताना आकारमान मोजतात. घनसेंटिमीटरला ६००० ने भागा, २९ किलो येतात. जोडीचे ५८. समुद्रमार्गे घनमीटरवर पैसे पडतात, म्हणजे स्वस्त, पण कित्येक आठवडे लागतात आणि लाकडी पेटी केली तर ती उष्णतेची प्रक्रिया केलेल्या, शिक्का असलेल्या लाकडाची लागते.

कंपनी पूर्ण कंटेनर देत असेल, मुक्काम पाच-सात वर्षांचा असेल आणि घर स्वतंत्र असेल तर जरूर न्या. त्यातही आधी स्पीकरच्या कोनाभोवतीची (आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची) कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुगा होते. रबराची असेल तर टिकते. भुगा व्हायला आलेले स्पीकर समुद्रापार नेण्यात अर्थ नाही.

मी पहिल्या वेळी अर्धं सामान समुद्राने पाठवलं. पॅकिंग करणाऱ्या माणसांनी टर्नटेबलच्या आर्ममागचं (सुई धरणाऱ्या दांडीमागचं) वजन काढलंच नाही. खोका म्युनिकला उघडला तेव्हा काट्रिजची (दांडीच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या भागाची) सुई आडवी वाकलेली होती. आणि उरलेलं अर्धं मी पुण्यात कपाटात ठेवलं. दोन पावसाळ्यांनी परत गेलो तेव्हा रेकॉर्डच्या कव्हरांवर बुरशीचे करडे डाग पसरले होते. त्यातल्या एका कव्हरवर बाबांनी निळ्या शाईत खरेदीची तारीख घातली होती. ती आता वाचता येत नाही. म्हणून सांगतो, ‘सध्या इथेच राहू दे’ या पर्यायात सामान दर पावसाळ्यात थोडं थोडं खराब होतं. कुणी घरात राहत असेल, महिन्यातून एकदा यंत्र चालू करणारं असेल, तरच ठेवा.

दुसरी आणि तिसरी: खरी निवड इथे आहे

दुसरी वाट म्हणजे टॉवर विकून छोटे, शेल्फवर मावणारे साधे स्पीकर आणि लहान अ‍ॅम्प घेणं. तिसरी म्हणजे ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प आणि वायफाय आहे असे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेणं, ज्यात वेगळा अ‍ॅम्प नाहीच. फ्लॅटमध्ये जाणाऱ्या बहुतेकांना या दोहोंतूनच निवडायचं असतं.

लहान खोलीसाठी साधा स्पीकर कसा असावा याचं उत्तर बीबीसीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच शोधलं. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, अगदी अपुऱ्या जागेत, माणसाचा आवाज नीट पारखता यावा म्हणून त्यांनी एलएस३/५ए नावाचा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर बनवला. पूर्ण बंद पेटी, मागे हवेचं भोक नाही. त्या घराण्यातला आजचा स्पीकर म्हणजे हार्बेथचा पी३ईएसआर. बीबीसीच्या संशोधन विभागातल्या डडली हारवुड यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. पेटी बंद असल्याने तो भिंतीजवळ ठेवला तरी बास फारसा फुगत नाही आणि गाणाऱ्याचा गळा समोर बसल्यासारखा ऐकू येतो. ख्याल ऐकणाऱ्यासाठी याहून योग्य छोटा स्पीकर मला तरी माहीत नाही. दुसरा पर्याय केईएफचा एलएस५० मेटा. मूळचा एलएस५० २०१२ मध्ये कंपनीच्या पन्नाशीनिमित्त आला, मेटा २०२० मध्ये. एकाचं वजन ७.८ किलो. कंपनीच्या आकड्यांनुसार ७९ हर्ट्झपर्यंत तो सरळ जातो आणि ४७ पर्यंत उतरत उतरत पोचतो. भिंतीची थोडी मदत मिळाली की काळी एकचा खर्ज त्यात पुरता येतो. मात्र त्याला मागे भोक आहे, भिंतीपासून थोडं अंतर सोडावं लागतं. सोबत येणारा फोमचा बोळा घातला तर थोडं भागतं.

असे स्पीकर ‘जड’ असतात, म्हणजे जास्त वॅट खातात, अशी भीती घातली जाते. पी३ईएसआरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटमागे निघणारा आवाज, खरंच कमी, ८३.५ डेसिबल. पण दोन-सव्वादोन मीटरवर बसून शेजाऱ्यांना चालेल इतक्या आवाजात ऐकताना एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या कडक थापेसाठी दहा-वीस वॅट हाताशी हवेत, बस. ६० वॅटचा, स्ट्रीमिंग पोटात असलेला विम अ‍ॅम्पसारखा छोटा डबा पुरतो. तो दोन किलोंपेक्षा हलका आहे आणि टीव्हीलाही जोडता येतो. फक्त त्याला फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारी जोडणी, नाही, तेव्हा रेकॉर्ड ऐकायच्या तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. किंवा फोनो असलेला साधा अ‍ॅम्प घ्या.

आता तिसरी वाट. केईएफचाच एलएसएक्स टू घेऊ, कारण तुलना सरळ होते. जोडीचं वजन ७.२ किलो, एक स्पीकर जेमतेम २४ सेंटिमीटर उंच. प्रत्येकात बाससाठी ७० आणि वरच्या सुरांसाठी ३० वॅट. टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळं थेट जोडता येतं. घरात मूल असेल, जागा कमी असेल, वायरींचा कंटाळा असेल तर याच्यासारखं सुटसुटीत काही नाही. एक लक्षात ठेवा, दोन्ही स्पीकरना वेगवेगळी वीज लागते, तेव्हा सॉकेट दोन कोपऱ्यांत आहेत का ते आधी बघा.

या वाटेचा एक फायदा मला स्वतःला मोठा वाटतो आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आवाज कमी केला की आपले कान खालचे सूर जास्त गमावतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. जुन्या अ‍ॅम्पवर ‘लाउडनेस’चं बटण याच कारणासाठी असायचं. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये आतलं गणित हे सांभाळून घेऊ शकतं, आणि भिंतीजवळ आहे की टेबलावर आहे हेही त्याला सांगता येतं. रात्री साडेनऊला, मूल झोपलेलं असताना, अगदी हळू आवाजात तानपुरा भरलेला ऐकू येणं ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची खरी गरज आहे. इथे अ‍ॅक्टिव्ह जोडी साध्या जोडीला मागे टाकते.

मग मी मावसभावाला दुसरी वाट का सुचवली? आयुर्मानामुळे. साधा स्पीकर म्हणजे लाकडी पेटी, दोन कोन आणि थोडी तार. सत्तरच्या दशकातले एलएस३/५ए आजही वाजतात, विकले जातात. अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प, वायफाय आणि सॉफ्टवेअर एकाच पेटीत. एक बिघडलं की सगळं बंद. वायफाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने २०२० च्या मे महिन्यापासून आपल्या जुन्या उपकरणांना नवे सॉफ्टवेअर देणं थांबवलं, हे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. पुन्हा परदेशातला मुक्काम कधी बदलेल सांगता येत नाही. उद्या अमेरिकेत बदली झाली तर साधे स्पीकर जसेच्या तसे नेता येतात, त्यांना विजेशी देणंघेणं नाही. बदलायचा तो फक्त छोटा अ‍ॅम्प.

ज्याच्याकडे रेकॉर्ड नाहीत, जो फोनवरूनच ऐकतो, दोन-तीन वर्षांत परत येणार आहे, त्याने मात्र डोळे मिटून तिसरी वाट धरावी.

चौथी: हेडफोन

हॅनोव्हरजवळच्या वेडेमार्कच्या सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन २६० ग्रॅमचा आहे. ३०० ओमचा असल्याने त्याला छोटा अ‍ॅम्प हवा. गळ्यातला बारीक कण ऐकायचा तर इतक्या पैशांत तसा स्पीकर मिळणार नाही. पण तो उघड्या पाठीचा, शेजारी झोपलेल्याला आवाज जातो. आणि मैफल डोक्याच्या आत होते, घरात होत नाही. रविवारसाठी आणि रात्रीसाठी जोडीला ठेवा, एकट्यावर भागवू नका. मुलांच्या कानावर गाणं पडावं असं वाटत असेल तर स्पीकर लागतोच.

रेकॉर्ड आणि टर्नटेबल

स्पीकर जगात कुठेही मिळतो. जर्मनीत तर वापरलेल्या सामानाचा बाजार फार चांगला आहे. ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेऑर्गनचे ड्युअल टर्नटेबल, १९७२ पासूनच्या कॅंटनचे स्पीकर, कीलच्या एलॅकचे, हे सगळं क्लाइनआनत्साइगन या वापरलेल्या सामानाच्या जाहिरातींच्या साइटवर रोज दिसतं. विकणारे बहुधा "घरी येऊन घेऊन जा" म्हणतात, ते आपल्या फायद्याचं, कारण आधी ऐकून बघता येतं. आयात कर भरून पुण्यात घेतलेला स्पीकर पुण्यातच विकणं आणि तिथे तिथल्या भावात घेणं, यात पैशांचंही नुकसान कमी.

काकांच्या रेकॉर्ड मात्र म्युनिकच्या दुकानात मिळणार नाहीत. बॅगेतली जागा त्यांना द्या. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची, म्हणजे चारशे रेकॉर्ड शंभर किलो. तेवीस किलोंच्या एका बॅगेत सत्तर बसतात. निवडताना आधी स्ट्रीमिंगवर शोधा. जी मिळते ती मागे ठेवली तरी चालेल. जी मिळत नाही ती न्या. उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत कधीच नाही. तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा, नाहीतर धक्क्याने तिची कड कव्हरची शिवण फाडते.

उरलेल्यांचं डिजिटल रूप करून ठेवायचं असेल तर हिशेब असा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला मिनिटाला सुमारे ३५ एमबी, चाळीस मिनिटांच्या एलपीला १.४ जीबी. चारशेच्या चारशे केल्या तरी १ टीबीच्या डिस्कमध्ये मावतात. वेळ मात्र २६७ तास. रोज दोन तास दिले तरी साडेचार महिने. जाण्याच्या गडबडीत हे होत नाही, आत्ताच सुरुवात करा.

टर्नटेबल नेताना मागचं वजन, प्लॅटर (फिरणारी थाळी), मॅट काढून वेगळं गुंडाळा, आर्म पट्टीने बांधा. काट्रिज हेडशेलसकट (ती ज्या टोपीत बसते त्यासकट) काढून डबीत घाला आणि ती डबी हातातल्या पिशवीत ठेवा.

अमेरिका किंवा कॅनडाला जात असाल तर

तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. इंग्लंड, सिंगापूर, दुबई, ऑस्ट्रेलियात हा प्रश्न नाही, फक्त पिना वेगळ्या. अमेरिकेला नेण्याआधी अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट वाचा. फक्त २३० लिहिलं असेल तर इथेच विका. ट्रान्सफॉर्मर घेऊन अ‍ॅम्प चालतो, पण तो डबा जड, त्याची गुणगुण वेगळी आणि फ्रीक्वेन्सी तो बदलत नाहीच. टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरणारी जुन्या पद्धतीची असेल तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी ४० फेरे होतील. म्हणजे सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच चढेल. काळी एकचा गायक पांढरी तीनच्याही वर जाईल. अशा मोटरला ६० हर्ट्झची पुली मिळते का ते आधी बघा. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला काहीच अडचण नाही.

मावसभावाने गेल्या शनिवारी टॉवर विकले. घेणारा मुलगा कात्रजहून टेम्पो घेऊन आला, आणि जाण्याआधी सगळ्यांनी मिळून त्यावर मन्सूरबुवांची एक पूर्ण बाजू ऐकली. अ‍ॅम्पही तोच घेऊन गेला. नवे स्पीकर मावसभाऊ म्युनिकला आल्यावर आम्ही दोघं जाऊन ऐकून घेणार आहोत. काल रात्री त्याने बॅग वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवला: सत्तर रेकॉर्ड, २२ किलो ३०० ग्रॅम. खाली लिहिलं होतं, अजून दोन बसतील का?